बीपी कमी आहे, तरी बीपीची गोळी कशाला?

प्रश्न: माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ५८ वर्षांचे आहेत. दारूमुळे लिव्हर सिरॉसिस (लिव्हर घट्ट होण्याचा आजार) झालाय. दारू सोडून सात महिने झाले. गेल्या महिन्यात रात्री त्यांना रक्ताची मोठी उलटी झाली. गावातल्या डॉक्टरांनी रक्त थांबायचं इंजेक्शन (ट्रॅनेक्झामिक) आणि व्हिटॅमिन के दिलं, मग आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तिथे दुर्बिणीतून अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांवर चार रबरी बँड लावले आणि पाच दिवस दर चार तासांनी टर्लिप्रेसिनचं इंजेक्शन दिलं. पण ट्रॅनेक्झामिक बंद केलं. हिमोग्लोबिन ७.४ होतं तरी रक्त चढवलं नाही, आयएनआर (रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा) १.९ असून प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) दिला नाही, ताप नसताना अँटिबायोटिक मात्र रोज दिलं. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, तिकडे ऑक्ट्रिओटाइड देतात, तुम्हाला जुनं औषध दिलं. हे सगळं बरोबर झालं का? आता घरी कार्वेडिलॉल ६.२५ सकाळ-संध्याकाळ, लॅक्ट्युलोज (पोट साफ ठेवायचं औषध), लघवीच्या गोळ्या (फ्रुसेमाइड २०, स्पायरोनोलॅक्टोन ५०), पँटोप्राझोल, लोहाची गोळी आणि पूर्वीपासूनची बीपीची टेल्मिसार्टन ४० चालू होती. पोटात थोडं पाणी आहे. उठताना चक्कर यायला लागली, वरचं बीपी ९८ आलं. आई म्हणाली, बीपीच नाही तर बीपीची गोळी कशाला, आणि कार्वेडिलॉल बंद केली. आठ दिवस झाले, चक्कर अजून येतेच. गुडघे दुखले की अण्णा दुकानातून एखादी गोळी आणून घेतात, आणि आईने गुळवेलीचा काढा सुरू केलाय. पुढच्या बँडिंगला ते 'आता बरं वाटतंय' म्हणून जायला तयार नाहीत.

उत्तर: ताई, दवाखान्यात काय झालं ते नंतर बघू. आधी आज काय करायचं ते.

आईंचा हिशेब साधा होता: बीपी कमी, म्हणजे बीपीची गोळी जास्त झाली. हिशेब चुकला नाही, गोळी चुकली. तुम्ही पाठवलेल्या यादीतली जी गोळी जायला हवी असं दिसतं ती कार्वेडिलॉल नाही, टेल्मिसार्टन आहे. सिरॉसिसमध्ये पोटात पाणी व्हायला लागलं की शरीर आपलं बीपी काही हार्मोन्सच्या जोरावर कसंबसं टिकवून धरतं, आणि टेल्मिसार्टन नेमकं तेच हार्मोन अडवते. बीपी घसरतं, किडनीवर ताण येतो, आणि सोबत स्पायरोनोलॅक्टोन असेल तर रक्तातलं पोटॅशियमही वाढू शकतं. म्हणून पोटात पाणी असलेल्या लिव्हरच्या पेशंटला या गटातली औषधं टाळतात. मग ती राहिली कशी? बहुधा नेहमीसारखीच. जुनी गोळी एका डॉक्टरांची, नव्या गोळ्या दुसऱ्या डॉक्टरांच्या, आणि दोन्ही कागद एकाच टेबलावर कधी आलेच नाहीत.

आजच पोटविकारतज्ज्ञांना फोन करा. 'चक्कर येते' एवढंच सांगू नका. यादी वाचून दाखवा, ९८ चा आकडा सांगा, आठ दिवस कार्वेडिलॉल बंद आहे हे न लपवता सांगा, आणि दोनच प्रश्न विचारा: टेल्मिसार्टन थांबवू का? कार्वेडिलॉल कितीपासून परत सुरू करू? आठ दिवसांच्या खंडानंतर एकदम जुन्या पूर्ण डोसवर उडी मारायची नसते. साधारणपणे ६.२५ दिवसातून एकदा, कधी त्याच्याही निम्म्यापासून सुरू करून, बीपी सोसलं तर काही दिवसांनी दोनदा करतात. आकडा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा, पत्रावरून आम्ही नाही. जोडीला रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), सोडियम आणि पोटॅशियम तपासून घ्या.

चक्करेला आणखी दोन कारणं घरातच असू शकतात. लॅक्ट्युलोजने दिवसाला दोन-तीन मऊ शौच व्हायला हवेत. पाच-सहा वेळा पाण्यासारखं होत असेल तर औषध जास्त होतंय. त्याने शरीर सुकतं, आणि वर लघवीच्या गोळ्या आहेतच. दुसरं कारण आजच्या चक्करेचं नाही, पण गोळी चालू होती तेव्हाच्या चक्करेचं असू शकतं: कार्वेडिलॉल उपाशीपोटी घेतली तर बीपी झपकन उतरतं. ती जेवणाबरोबर घ्यायची, नाश्त्याच्या मधल्या घासाला घेतली तरी चालेल, आणि संध्याकाळची रात्रीच्या जेवणात.

बीपी मोजायचं तेही नीट मोजा. सकाळची गोळी घेण्याआधी अण्णांना पाच मिनिटं टेकून बसवा, मग मोजा. नंतर उभं करून दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभ्याने वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर तो आकडाही डॉक्टरांना सांगायचा. मनगटावर नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, १५ सेकंदांना चारने गुणू नका. वरचं बीपी ९० च्या खाली, नाडी ५० च्या खाली, लघवी कमी झाली, ताप आला, जुलाब-उलट्या सुरू झाल्या किंवा छातीत घरघर व्हायला लागली, तर पुढची गोळी देण्याआधी फोन करा. ९८ हा आकडा या रेषेच्या वर आहे. निरोगी माणसाला कमी वाटेल, पण अशा पेशंटमध्ये औषध चालू असताना तो नवलाचा नाही.

आता कार्वेडिलॉल कशासाठी, ते आईंना समजेल असं सांगतो, कारण गोळ्यांचा डबा त्यांच्या हातात आहे. आतड्यातून आणि प्लीहेतून येणारं सगळं रक्त एका मोठ्या शिरेने लिव्हरमध्ये जातं. पाटाचं पाणी दारातून वावरात जातं तसं समजा. लिव्हर घट्ट झालं की दार अर्धं बंद. मागून पाणी येतच राहतं, मग ते बाजूचे बांध शोधतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या बारीक शिरा हा त्यातला सगळ्यात कच्चा बांध, तिथे शिरा फुगून बोटाएवढ्या जाड होऊ शकतात. या रक्तमार्गात लिव्हरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक नेहमी पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपर्यंत असतो. तो १० झाला की शिरा फुगायला लागतात, आणि १२ च्या पुढे फुटायचा धोका. हाताला पट्टा बांधून मोजतो तो दाब वेगळा, हा वेगळा. हाताचा कमी असताना आतला चढलेला असू शकतो, अण्णांचं तेच आहे.

फुटलेला बांध तुम्ही मातीने लिंपाल, पण मागून पाणी तेवढंच येत असेल तर तो पुन्हा फुटणार. बँड म्हणजे लिंपण. कार्वेडिलॉल मागचं पाणी कमी करते: आतड्याकडे जाणाऱ्या धमन्या आवळते, हृदयाचा जोर थोडा कमी करते, आणि लिव्हरमधला अडथळाही काही प्रमाणात सैल करते. प्रोप्रॅनोलॉलने असं रक्त टाळता येतं हे पॅरिसच्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये दाखवलं. कार्वेडिलॉल त्याच घराण्यातली, थोडी जास्त जोरकस. एकदा रक्त झालेल्या पेशंटला पुढे काहीच उपचार दिले नाहीत, तर वर्ष-दोन वर्षांत सुमारे ६० टक्के जणांना पुन्हा होतं. म्हणून गोळी आणि बँडिंग दोन्ही करतात. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही.

दोन सावधगिऱ्या. गोळी मिळाली नाही म्हणून कोणी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल दिली तर घेऊ नका. नावाचं शेपूट सारखं असलं तरी त्या मुख्यतः हृदयावर काम करतात, आतड्याच्या धमन्यांवर नाही. दुसरं म्हणजे, डब्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर 'यकृताच्या गंभीर आजारात देऊ नये' असं छापलेलं आढळेल. ते हृदयरोगासाठीच्या मोठ्या डोसांचा विचार करून लिहिलेलं आहे. आजारी लिव्हर हे औषध सावकाश फोडतं, त्यामुळे ते रक्तात जास्त साचतं, म्हणूनच इथे दिवसाला १२.५ वर थांबतात. तो कागद वाचून कोणी गोळी बंद करू नये.

आता दवाखान्याचं. तुम्ही लिहिलेल्या उपचारात खटकावं असं काही दिसत नाही. तुम्हाला जे 'दिलं नाही' म्हणून सलतंय, त्यातलं बरंचसं मुद्दाम दिलेलं नसतं.

ट्रॅनेक्झामिक आम्लाचं काम म्हणजे झालेली गुठळी विरघळू न देणं. अण्णांचं रक्त गुठळी होत नाही म्हणून वाहत नव्हतं, दाबाने शीर फुटली म्हणून वाहत होतं. पोटातल्या रक्तस्रावावर या औषधाचा मोठा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा देश, १२,००९ रुग्ण. मृत्यू कमी झाले नाहीत, उलट पाय-फुप्फुसाच्या शिरांत गुठळ्या होण्याचं प्रमाण साधारण दुप्पट झालं. गावातल्या डॉक्टरांना दोष देऊ नका. जखमेतल्या आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावात हे इंजेक्शन जीव वाचवतं, त्यामुळे ते हाताशी असतं आणि रक्त पाहिलं की आठवतं. या आजारात ते उपयोगी नाही एवढंच.

७.४ ला रक्त न देण्याचंही तसंच. बार्सिलोनात ९२१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात, हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, ९ च्या खाली गेल्याबरोबर रक्त दिलेल्यांपेक्षा जास्त जगले: सहा आठवड्यांनी ९५ टक्के, विरुद्ध ९१. कारण पाटाचंच. बाटल्यावर बाटल्या चढवल्या की पाट भरतो आणि नुकता लिंपलेला बांध परत फुटतो. म्हणून ७ ते ८ मध्ये ठेवायचं. हा नियम बीपी सांभाळून असलेल्या पेशंटसाठी आहे. धो-धो रक्त चालू असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. नातेवाईक रक्तपेढीतून दोन पिशव्या आणून हातात घेऊन उभे असतात आणि डॉक्टर 'राहू द्या' म्हणतात, तेव्हा राग येणं साहजिक आहे. त्यावेळी दोन वाक्यांत कारण सांगायला हवं होतं.

प्लाझ्माचा हिशेब थोडा वेगळा. आयएनआर १.९ म्हणजे रक्त पातळ, असा सरळ अर्थ सिरॉसिसमध्ये निघत नाही. लिव्हर गुठळी करणारी प्रथिनं बनवतं आणि गुठळी रोखणारीही. दोन्ही एकदम कमी होतात, आणि आयएनआर फक्त पहिली बाजू मोजतं. हा आकडा सुधारायला प्लाझ्माच्या बऱ्याच पिशव्या लागतात, म्हणजे अर्धा-एक लिटर द्रव त्याच पाटात. व्हिटॅमिन के एखाद-दुसरा डोस दिला तर नुकसान नाही, पण त्याने रक्त थांबेल अशी आशा ठेवायची नाही.

अँटिबायोटिक मात्र चैन नव्हती. रक्तस्रावाच्या वेळी आतड्यातले जंतू सहज रक्तात आणि पोटातल्या पाण्यात उतरतात. ताप यायच्या आधीच सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन रोज १ ग्रॅम, जास्तीत जास्त सात दिवस दिलं तर जंतुसंसर्ग, पुन्हा होणारा रक्तस्राव आणि मृत्यू हे तिन्ही कमी होतात. सगळ्या उपचारांत कदाचित हेच सर्वांत स्वस्त असेल.

आणि भावाचं म्हणणं. टर्लिप्रेसिन जुनं म्हणून इथे देतात असं नाही. अमेरिकेत या औषधाला परवानगीच सप्टेंबर २०२२ मध्ये मिळाली, तीही लिव्हरमुळे किडनी बसते त्या आजारासाठी, रक्तस्रावासाठी नाही. म्हणून तिकडचे डॉक्टर ऑक्ट्रिओटाइड वापरतात. कोरियात ७८० रुग्णांवर टर्लिप्रेसिन, ऑक्ट्रिओटाइड आणि सोमॅटोस्टॅटिन यांची तुलना झाली (२०१४). रक्त थांबण्यात तिघांत फरक सापडला नाही. फरक आहे तो देण्याच्या पद्धतीत. टर्लिप्रेसिन शरीरात हळूहळू फुटून काम करतं, म्हणून शिरेतून २ मिलिग्रॅम दर चार तासांनी देता येतं, रक्त थांबलं की १ वर आणतात. वजन ५० किलोच्या आत असेल तर सुरुवातही कमीवरच करतात. ऑक्ट्रिओटाइड ५० मायक्रोग्रॅम एकदम आणि मग तासाला ५० मायक्रोग्रॅम सिरिंज पंपाने सतत. पंप बंद पडला, सुई बाहेर आली, की औषधही थांबलं. दोन्हींचा कालावधी दोन ते पाच दिवस, कारण पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या पाच दिवसांत सर्वांत जास्त.

टर्लिप्रेसिन निरुपद्रवी नाही. धमन्या आवळणारं औषध फक्त आतड्याच्याच धमन्या आवळेल अशी खात्री नसते. इंजेक्शननंतर चेहरा पांढराफटक पडणं, पोटात कळ, एखादा जुलाब हे बऱ्याच जणांना होतं आणि निभतं. पण छातीत दुखणं, बोटांची टोकं निळी-काळी पडणं, पोटदुखी वाढतच जाणं, सोडियम उतरून माणूस बडबडायला लागणं, यातलं काही झालं की लगेच सांगायचं असतं. हृदयाची अँजिओप्लास्टी झालेली असेल, पायांच्या धमन्यांचा आजार असेल तर हे औषध टाळून ऑक्ट्रिओटाइड घेतात. म्हणून आधी ईसीजी.

पुढच्या वेळेसाठी (ती येऊ नये) एक गोष्ट आजच करा. धमन्या आवळणारं औषध (टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड) दुर्बिणीची वाट न बघता, संशय आला की लगेच सुरू करायचं असतं. दुर्बीण बारा तासांच्या आत होते, पण गाडीतले आणि नंबर लागेपर्यंतचे तास औषधाविना जातात. हातातल्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा:

'सिरॉसिस. अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या, बँडिंग झालेलं. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी शी झाल्यास कृपया टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लगेच सुरू करावं, मग पुढे पाठवावं. हृदयाचा आजार: आहे / नाही. वजन: ... किलो. अ‍ॅलर्जी: ...'

खाली तुमच्या पोटविकारतज्ज्ञांची सही आणि फोन नंबर घ्या. सही असली की तालुक्याचे डॉक्टर बिनधास्त सुरू करतात. उलटी झालीच तर अण्णांना डाव्या कुशीवर वळवा, तोंडाने पाणीसुद्धा नको, त्या दिवशीची कार्वेडिलॉल आणि लघवीच्या गोळ्या देऊ नका, १०८ ला फोन करा आणि दुर्बीण असलेल्या दवाखान्यात न्यायला सांगा. दाखल होताना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला (दवाखान्यातल्या मदतनिसाला) भेटा, रेशनकार्ड आणि आधार फाइलमध्येच असू द्या.

लोहाच्या गोळीने शी काळपट होते, त्यामुळे घरात उगाच घबराट होते किंवा उलट, खरं रक्त 'गोळीमुळे असेल' म्हणून दुर्लक्षित राहतं. लोहाची काळी शी हिरवट झाक असलेली, बांधलेली असते, वास नेहमीचा. रक्ताची शी डांबरासारखी चकचकीत, चिकट, भांड्याला धरून बसणारी, आणि तिचा वास एकदा आला की विसरत नाही. शंका आली तर थांबू नका.

दुकानातून येणारी गुडघ्याची गोळी बहुतेक डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची असते. ती पूर्ण बंद. जठराला जखम करते, किडनीचं रक्त कमी करते आणि पोटातलं पाणी वाढवते. दुखणं फारच असेल तर साधं पॅरासिटामॉल, दिवसभरात मिळून २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांच्या वर नाही, आणि तेही डॉक्टरांना विचारून. दुकानदाराला 'पॅरासिटामॉल असलेली' सांगू नका, 'फक्त पॅरासिटामॉल' सांगा. नाहीतर जोडगोळी मिळते आणि तिच्यात आयबुप्रोफेन असतं.

गुळवेल आईंनी चांगल्या मनाने सुरू केली हे खरं. पण कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. ज्याचं लिव्हर आधीच काठावर आहे त्याला असा धक्का झेपत नाही. काढा थांबवा. आईंना काही करायचंच असेल तर रात्री झोपताना अण्णांना दूध-भाकरी, एखादा लाडू असं काहीतरी खायला देऊ दे. सिरॉसिसमध्ये रात्रभराचा उपास स्नायू खातो. मीठ कमी, लोणचं-पापड बंद, डाळ-अंडी-दूध मात्र कमी करायचं नाही. पँटोप्राझोल बँडच्या जागी झालेली जखम भरेपर्यंतच लागते. पुढच्या भेटीत 'आता थांबवू का' विचारा, कारण ती वर्षानुवर्षं चालू राहिली तर या रुग्णांत जंतुसंसर्ग वाढतो.

राहिलं अण्णांचं 'बरं वाटतंय'. फुगलेल्या शिरा दुखत नाहीत, त्यामुळे बरं वाटण्यावरून त्यांचा पत्ता लागत नाही. लावलेले रबरी बँड आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप पडून जातात. चार ठिकाणी लावले म्हणजे चार ठिकाणचं काम झालं, बाकीच्या शिरा आहे तिथेच. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, शिरा दिसेनाशा होईपर्यंत फेऱ्या कराव्या लागतात, बऱ्याचदा तीन-चार. मग तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, पुढे सहा महिने ते वर्षाने. गोळी आणि बँड दोन्ही नीट करूनही रक्त झालंच, तर लिव्हरमधून स्टेंटने वाट काढून देण्याचा किंवा प्रत्यारोपणाचा विचार करतात, आणि तो मोठ्या केंद्रात.

कागदावरची बँडिंगची तारीख उलटून गेली असेल तर नव्याने घ्या. जाताना यादी नको, घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या. टेल्मिसार्टनची आणि गुडघ्याचीसुद्धा.